अपग्रेडनंतर सर्व्हर उठत नाही तेव्हा

काजू-बीची खरेदी आटोपल्यानंतर आणि पावसाने जोर धरण्यापूर्वी जे थोडे निवांत दिवस मिळतात, त्यांत वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यातील माझ्या ओळखीचे कारखानदार संगणकाची साचलेली कामे करून घेतात. अशाच एका मे महिन्यात मी एका काजू कारखान्याचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती 11 वरून डेबियन 12 वर नेला. अपग्रेड विनातक्रार पार पडले, निदान मला तसे वाटले. मी रीस्टार्ट दिला आणि मिनिटभराने पांढऱ्या ओळींचा लोंढा ‘कर्नल पॅनिक’ (प्रणालीचा गाभा असलेला कर्नल पुढे जाऊ शकत नाही) या शब्दांपाशी येऊन थिजला. प्रतवारीच्या टेबलापलीकडून आलेल्या हिशेबनीस काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन न्याहाळली आणि विचारले, “मेलो काय रे तो?”

तो मेला नव्हता. डिस्कवरचा हिशेब जसाच्या तसा होता; फक्त सुरू होण्याच्या वाटेवरची एक फाइल तयार झालेली नव्हती. अपग्रेडनंतर न उठणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत बहुतेक वेळा असेच काहीतरी निघते. त्यामुळे पहिला प्रश्न ‘दुरुस्त कसा करू’ हा नसून ‘कुठे थांबला’ हा असतो. पुढील मजकूर अशा प्रसंगात प्रथमच एकट्याने सापडलेल्या व्यक्तीसाठी आहे आणि तो कार्यालयातच ठेवलेल्या, उबुंटू किंवा डेबियन चालवणाऱ्या सर्व्हरपुरता मर्यादित आहे. कमांड आणि स्क्रीनवरील संदेश येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना कमांड अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यायच्या आहेत.

हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम स्क्रीनचा फोटो काढावा. बटण दाबून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळे संदेश पुसला जातो आणि डिस्क आधीच दुबळी झालेली असेल तर तिचे हाल वाढतात. फोटोत शेवटची ओळच नव्हे, तर वरच्या वीस-पंचवीस ओळीही याव्यात, कारण खरे कारण बहुधा शेवटच्या ओळीच्या बरेच वर दडलेले असते.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो. ‘तौक्ते’ 2021 च्या मे महिन्यात किनाऱ्यालगत वर सरकले होते आणि ‘निसर्ग’ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते, म्हणजे आपले निवांत दिवस नेमके वादळांच्या हंगामात येतात. फाइल सिस्टिमची दुरुस्ती चालू असताना वीज गेली, तर मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. यूपीएसची बॅटरी प्रत्यक्ष किती मिनिटे टिकते हे ठाऊक नसेल, तर ती टिकणारच नाही असे धरून चालावे आणि जनरेटर किंवा इन्व्हर्टरची सोय होईपर्यंत दुरुस्तीच्या कमांड देऊ नयेत. वाचण्याच्या आणि पाहण्याच्या कमांड द्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर खरोखरच उठलेला नाही ना, याची खात्री करणे. दुसऱ्या टेबलावरून पिंगला (नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला) उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर बंद, असे समजून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. स्क्रीन जोडल्यावर लॉगिनची ओळ शांतपणे वाट पाहत असल्याचे दिसते. अपग्रेडमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते आणि जुन्या नावाने लिहिलेली आयपी पत्त्याची नोंद मग कोणालाच लागू होत नाही. ‘आयपी’ ही कमांड ‘लिंक’ या शब्दासह देऊन नवे नाव पाहावे आणि ते नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घालावे, एवढ्यावर काम भागते. त्याचप्रमाणे ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि पुढे सरकणारे सेकंद दिसत असतील, तर दीड मिनिट थांबावे. न सापडणाऱ्या डिस्कसाठी सिस्टिमडी (सर्व सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) मुळातच 90 सेकंद वाट पाहतो.

पालखी कोणत्या वाडीत थांबली?

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी एका वाडीच्या मानकऱ्यांकडून पुढच्या वाडीच्या मानकऱ्यांच्या खांद्यावर जाते, तसाच सर्व्हरचा ताबा सुरू होताना हातोहात पुढे जातो. आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते आणि ते डिस्कवरचा ग्रब हा बूटलोडर शोधते. ग्रब कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिट्रॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत आणतो. त्या तात्पुरत्या फाइल सिस्टिममधील ड्रायव्हरच्या आधारे मूळ डिस्क जोडली जाते आणि मग सिस्टिमडी एकेक सेवा सुरू करतो. स्क्रीनवरचा संदेश यांपैकी कोणाचा आहे हे ओळखले की निम्मे काम झाले.

स्क्रीन पूर्ण काळी असेल, बीप वाजत असतील किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे दिसत असेल, तर ग्रबपर्यंतही ताबा गेलेला नाही. या ठिकाणी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: अपग्रेडनंतर झालेला बिघाड अपग्रेडमुळेच झालेला असतो असे नाही. वर्ष-दीड वर्ष अखंड चालू असलेला सर्व्हर अपग्रेडच्या निमित्ताने प्रथमच बंद होतो, आणि इतके दिवस झाकून राहिलेले दुखणे त्याच दिवशी वर येते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर साचतो. वायर काढून, रॅम उतरवून, त्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर सर्व्हर उठल्याचे मी एकाहून अधिक वेळा अनुभवले आहे. मदरबोर्डवरील तीन व्होल्टची सीआर 2032 बॅटरी संपलेली असेल, तर फर्मवेअरची सेटिंग मूळपदावर जातात: बूटचा क्रम बदलतो, यूईएफआय या नव्या बूट-प्रकाराऐवजी जुना लेगसी प्रकार निवडला जातो आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख आधी पाहावी. ती चुकलेली असेल तर बॅटरी बदलून, डिस्कचा क्रम आणि बूटचा प्रकार पूर्वीप्रमाणे लावून मगच पुढे जावे. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. मुंबई-पुण्याहून काही मागवावे लागत नाही.

‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट (कमांडची वाट पाहणारी ओळ) आला तर ग्रब अर्धवट उठला आहे. त्याचा डिस्कच्या सुरुवातीला बसलेला भाग एका आवृत्तीचा आणि बूट फोल्डरातील मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीची, असे झाले की ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ हा संदेश येतो. दोन डिस्क असलेल्या, लेगसी प्रकारच्या जुन्या सर्व्हरवर हे विशेषकरून दिसते, कारण पूर्वी कधीतरी एक डिस्क बदललेली असते आणि अपग्रेडने नवा ग्रब भलत्याच डिस्कवर लिहिलेला असतो. रेस्क्यू प्रॉम्प्टवर हाताने मार्ग काढता येतो. तथापि नवख्या माणसाने त्यात वेळ न घालवता पेनड्राइव्हवरून ग्रब नव्याने बसवावा. ती रीत पुढे दिली आहे.

जुना कर्नल

ग्रब व्यवस्थित उठत असेल आणि त्यापुढे घोटाळा असेल, तर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे जुना कर्नल. अपग्रेड नवा कर्नल बसवते, पण जुना लगेच काढून टाकत नाही. डेबियनमध्ये ग्रबचा मेनू सहसा काही सेकंद दिसतो. उबुंटूमध्ये तो बहुतेक वेळा लपलेला असतो, तेव्हा यूईएफआय सर्व्हरवर सुरुवातीलाच एस्केप आणि लेगसी सर्व्हरवर शिफ्ट दाबावे. एस्केप जास्त वेळा दाबले गेले तर नुसता ‘ग्रब’ प्रॉम्प्ट येतो. तेथे ‘नॉर्मल’ टाइप केल्यास मेनूकडे परतता येते. मेनूतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडावा. सर्व्हर उठला, तर डिस्क, ग्रब आणि मुख्य फाइल सिस्टिम सुखरूप असून दोष नव्या कर्नलमध्ये, त्याच्या इनिट्रॅमएफएसमध्ये किंवा बाहेरून बसवलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे निश्चित होते.

संदेशच दिसत नसतील, तर मेनूतील ओळीवर ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतील ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द पुसावेत आणि कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चूक झाली तरी काही बिघडत नाही.

काजू कारखान्यातील सर्व्हर जुन्या 5.10 कर्नलने निमूटपणे उठला. मग मी डिस्कवरील जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड ‘एच’ पर्यायासह दिली, आणि बूट पार्टिशनसमोर, म्हणजे कर्नलच्या फाइल असलेल्या डिस्कच्या भागासमोर, शंभर टक्के हा आकडा दिसला. ते पार्टिशन सुमारे 500 एमबीचे होते आणि कोणीही साफसफाई न केल्याने त्यात सहा जुने कर्नल मांडी ठोकून बसलेले होते. नव्या 6.1 कर्नलची फाइल कशीबशी मावली, परंतु इनिट्रॅमएफएस लिहिताना जागा संपली. अपग्रेडच्या लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ स्पष्ट होती. शेकडो ओळी सरकत असताना मी चहा पीत होतो. ग्रबने इनिट्रॅमएफएसविना नोंद तयार केली, आणि डिस्कचा ड्रायव्हर नसलेल्या कर्नलने ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असे म्हणून हात टेकले. त्या संदेशापुढे ‘अननोन ब्लॉक’ आणि कंसात दोन शून्ये दिसली, तर प्रथम हाच संशय घ्यावा.

अशा वेळी जागा मोकळी करताना घाईने फाइल पुसू नयेत. आधी ‘यूनेम’ला ‘आर’ पर्याय देऊन सध्या कोणत्या कर्नलवर सर्व्हर चालू आहे ते पाहावे. त्याला हात लावायचा नाही. मग सर्वांत जुन्या एक-दोन कर्नलच्या इनिट्रॅमएफएस फाइल बूटमधून उचलून मुख्य डिस्कवरील एखाद्या फोल्डरात हलवाव्यात. थेट ॲप्टने (पॅकेजे म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने) जुने कर्नल काढायला गेल्यास तो आधीच अर्धवट राहिलेल्या पॅकेजांवर अडून बसतो, म्हणून हा वळसा. जागा झाली की ‘डीपीकेजी’ कमांड ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ या पर्यायांसह द्यावी. ती अपुरी राहिलेली पॅकेजे मार्गी लावते. त्यानंतर ॲप्टच्या ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल रीतसर काढावेत. नव्या कर्नलची इनिट्रॅमएफएस तरीही तयार झालेली नसेल, तर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ ही कमांड ‘सी’ पर्याय आणि ‘के’पुढे कर्नलचा पूर्ण क्रमांक देऊन चालवावी. ‘यू’ हा पर्याय असलेली फाइल ताजी करण्यासाठी असतो, नसलेली घडवण्यासाठी नव्हे. येथे पुष्कळ जण फसतात. शेवटी ‘अपडेट-ग्रब’. डेबियन 13 साठी तर बूट पार्टिशन किमान 768 एमबीचे असावे आणि त्यात 300 एमबी मोकळे असावेत, असे त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपांतच सांगितले आहे. म्हणजे 500 एमबीच्या पार्टिशनवर पुढचे अपग्रेड करण्यापूर्वी ते वाढवण्याचा विचार करावाच लागेल.

इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट आणि इमर्जन्सी मोड

पॅनिकऐवजी ‘बिझीबॉक्स’चे नाव आणि कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट आला, तर तात्पुरती फाइल सिस्टिम चढली आहे, पण तिला मूळ डिस्क सापडलेली नाही किंवा सापडूनही जोडता आलेली नाही. वर ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असे लिहिलेले असेल, तर ‘बीएलकेआयडी’ कमांडने दिसणाऱ्या डिस्कचे यूयूआयडी, म्हणजे ओळख पटवणारे क्रमांक पाहावेत आणि फोटोतील क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर ताडावेत. एकही डिस्क दिसत नसेल तर केबल, डिस्क किंवा कंट्रोलरचा ड्रायव्हर, या क्रमाने संशय घ्यावा. डिस्क दिसते पण ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असे सांगितले जात असेल, तर मात्र क्षणभर थांबावे.

एफएससीके ही दुरुस्तीची कमांड आहे, आणि दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे. बॅकअप ताजा नसेल आणि डिस्कमधून कटकट आवाज येत असेल किंवा लॉगमध्ये ‘आय-ओ एरर’ दिसत असतील, तर एफएससीके देऊच नये. आधी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि जे प्रयोग करायचे ते प्रतीवर करावेत. डिस्क निरोगी वाटत असेल तरच कमांड द्यावी, तीही जोडलेल्या पार्टिशनवर कधीच नव्हे. फाइल सिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल, तर एफएससीके काहीच करत नाही. तिच्यासाठी ‘एक्सएफएस रिपेअर’ ही वेगळी कमांड असते.

‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ हा संदेश त्या मानाने सौम्य आहे. ताबा सिस्टिमडीपर्यंत आलेला असतो आणि बहुतेक वेळा अडथळा ईटीसी फोल्डरातील एफएसटॅब या, कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये असतो: बॅकअपसाठी लावलेली आणि नंतर कोणीतरी काढून नेलेली यूएसबी डिस्क, किंवा बदललेला यूयूआयडी. रूटचा पासवर्ड देऊन आत जावे, मुख्य फाइल सिस्टिम लिहिण्यायोग्य करण्यासाठी ‘माउंट’ कमांड ‘रीमाउंट’ व ‘आरडब्ल्यू’ या पर्यायांसह द्यावी आणि नॅनो एडिटरमध्ये त्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालावे. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय कायमचा लिहून ठेवला, तर ती नसली तरी सर्व्हर अडत नाही. बदलानंतर ‘फाइंडएमएनटी’ला ‘व्हेरिफाय’ पर्याय देऊन फाइल तपासता येते. उबुंटूमध्ये रूटचे खाते सहसा बंद असते; तेथे आत शिरता आले नाही, तर पेनड्राइव्हचा आधार घ्यावा लागतो.

पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

जुना कर्नलही उठत नसेल किंवा ग्रबच बिघडला असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट चालू होते अशा पेनड्राइव्हवरून, आत जाऊन दुरुस्ती करायची. तो अपग्रेडपूर्वीच तयार असावा, कारण ऐन पावसात घाटात दरड कोसळलेली असताना आणि मोबाइलला जेमतेम एक दांडी रेंज असताना त्यासाठीची काही जीबींची आयएसओ फाइल उतरवणे म्हणजे संध्याकाळ घालवणे होय. पेनड्राइव्हवरून बूट करताना सर्व्हर ज्या प्रकारचा आहे, यूईएफआय किंवा लेगसी, त्याच प्रकारे बूट करावा. अन्यथा ग्रब बसवताना नवीनच तक्रार सुरू होते.

आत आल्यावर ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ पर्याय देऊन कोणते पार्टिशन कशाचे आहे ते कागदावर लिहून काढावे. डिस्क एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे विभागण्याच्या) पद्धतीची असेल तर ‘व्हीजीचेंज’ कमांडने, सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची सोय) असेल तर ‘एमडीॲडम’ने ती आधी जागी करावी लागते. मग सर्व्हरचे मुख्य पार्टिशन एमएनटी या फोल्डरावर माउंट करावे (जोडावे), त्याच्या आतील बूटवर बूट पार्टिशन, आणि त्याच्याही आतील ईएफआयवर ईएफआय पार्टिशन. हा क्रम उलटला, तर दुरुस्ती भलत्याच रिकाम्या फोल्डरात होते आणि रीस्टार्टनंतर सर्व्हर पूर्ववत रुसलेला आढळतो. यानंतर लाइव्ह प्रणालीतील डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डर ‘आरबाइंड’ पर्यायाने आत जोडावीत आणि ‘चरूट’ कमांड द्यावी. तेथून पुढे दिलेली प्रत्येक कमांड आपल्या बिघडलेल्या सर्व्हरवर चालते, म्हणून दर वेळी वाचून मगच एंटर दाबावे.

चरूटमध्ये काम ठरलेल्या क्रमाने करावे. ‘डीएफ’ने जागा पाहावी. ‘डीपीकेजी’ने अर्धवट पॅकेजे पूर्ण करावीत, अपग्रेड चालू असतानाच लाईट गेली असेल, तर पुष्कळदा एवढ्यानेच सर्व काही जागेवर येते. सर्व कर्नलच्या इनिट्रॅमएफएस ताज्या कराव्यात. ‘ग्रब-इन्स्टॉल’ द्यावे, आणि लेगसी सर्व्हर असेल तर त्यापुढे पार्टिशनचे नव्हे, तर संपूर्ण डिस्कचे नाव लिहावे. मग ‘अपडेट-ग्रब’. ‘एक्झिट’ करून बाहेर पडल्यावर सर्व माउंट ‘आर’ पर्यायाच्या (येथे मात्र मोठे, कॅपिटल अक्षर) ‘यूमाउंट’ने सोडवावेत. उबुंटूच्या अपग्रेडचे लॉग वार-लॉगमधील डिस्ट-अपग्रेड फोल्डरात असतात. ते चरूटमध्ये असतानाच चाळले, तर नेमके कोणत्या पॅकेजापाशी गाडी अडली ते कळते.

दोन-तीन तास खपूनही सर्व्हर उठला नाही, तर मी स्वतः नव्याने इन्स्टॉल करण्याच्या बाजूचा आहे. माहिती दुसऱ्या डिस्कवर काढून घेऊन कोरी प्रणाली बसवायला एक दिवस पुरतो. अर्धवट अपग्रेड झालेली प्रणाली ओढूनताणून उभी केली, तर ती ऐन गणपतीच्या सुट्टीत पुन्हा झोपते.

उठल्यानंतर

लॉगिनची ओळ दिसली म्हणून आवराआवर करू नये. ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘फेल्ड’ पर्याय देऊन बंद पडलेल्या सेवा पाहाव्यात, ‘जर्नलसीटीएल’ने या खेपेच्या बूटमधील चुका वाचाव्यात, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या टेबलावरून उघडून एक जुनी पावती छापून पाहावी. मग पेनड्राइव्ह काढून सर्व्हर पूर्ण बंद करावा, दहा मिनिटे थंड होऊ द्यावा आणि पुन्हा सुरू करावा. जुना कर्नल आणखी आठ-पंधरा दिवस तसाच राहू द्यावा.

काजू कारखान्यातील कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेले आहे: बूटचा प्रकार, डिस्कची नावे, मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी, पेनड्राइव्ह कोणत्या खणात आहे आणि बॅटरी कधी बदलली. पहिले कार्ड मी पेनने लिहिले होते. जुलैपर्यंत शाई फुटून यूयूआयडी वाचता येईनासा झाला. दुसरे हिशेबनीस काकांनी पेन्सिलीने लिहून दिले आहे.